बीजेचं उधाण

१४ सप्टें., रवि.
हे डंपर घेऊन आले. चाकांना राखाडी चिखल. लोधिवलीत असा चिखल नाय, हा खाडीचा. वासानंच ओळखला.
"मुरूम कुठं टाकलात?"
"पेणकडं, खाडीत. भराव चाललाय."
म्हणजे आमच्या मागचा डोंगर फोडून माझ्या माहेरात ओततायत. चाकात तिवराची मुळी अडकलेली. म्हटलं, तिवरं तोडली? तर म्हणतात, "झाडं कसली, चिखलातल्या काटक्या." त्या काटक्यांनीच बाबांच्या घरापुढचा बांध धरलाय, मेल्यांनो!

१७, बुध.
बाबांना फोन. एकटेच असतात तिथं. म्हणाले, "बाय, चिंबोऱ्या ओट्यावर चढतान." मी म्हटलं, मग कालवण करा की! हसले नाहीत. खेकड्यांची बिळंच बुजली. कोल्हे पण भरदिवसा बांधावर येऊन बसतात, माणसाला बघून उठत नाहीत.
इकडं या म्हटलं. "सर्वपित्रीला तुझ्या आयचं पान ठेवल्याबिगर नाय."

१९, शुक्र.
ह्यांना म्हटलं, बाबांना घेऊन या. बीजेच्या आत.
"पाऊस उघडलाय गं. पूर कुठून येणार?"
डोंगराकडच्या माणसाची अक्कल! इथं पाणी आभाळातून येतं, तिकडं तिथीनं. अमावस्येपेक्षा बीजेचं उधाण मोठं, हे मला शाळेत जायच्या आधी ठाऊक. सांगून तोंड दुखलं. तर, "हिला पंचांग पाठ हाय," म्हणून हसले. मंगळवारी त्या बाजूला खेप आहे, येताना आणतो म्हणे.
मंगळवारीच बीज!

२१, रवि. सर्वपित्री
बाबांनी पान ठेवलं. कावळा येईना. बसायला झाड कुठंय? शेवटी कोल्ह्यानं खाल्लं. "तुझी आय यंदा चार पायांनी आली," म्हणाले. फोन ठेवून मी रडले.
भरती बांधाच्या माथ्याला लागून गेली म्हणे.

२२, सोम.
घट बसवले. हात कामात, जीव तिकडं. ह्यांना परत सांगितलं, सकाळीच आणा, खेप मागनं टाका. "हो गं" म्हणाले. ह्यांचं हो म्हणजे...

२३, मंगळ. बीज
लख्ख ऊन.
दहाला ह्यांचा फोन. पोचलेत. बाबा कोंबड्या धरतायत. म्हटलं सोडा कोंबड्या, निघा, दुपारची भरती आहे. "गाडी भरलेली हाय, बांधावरच खाली करतो नि निघतो."
बांधावर!! एवढं ओझं!
बाबांनी फोन घेतला. "बाय, बांध पाझरतंय. कोल्हं गेलं सगलं." मग कुणीतरी ओरडलं, फोन बंद.

एक वाजला. दोघांचेही फोन लागत नाहीत. शेजारच्या काकू आल्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "येतील गं. पाऊस नाय, पाणी नाय, कशाला घाबरतेस?"
भात दोघांचा जास्तीचा टाकलाय. परत लावते फोन.