हार मशीनला

गुरुवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. थेरपी सेंटरात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी रोबोटचे पाय आले, अंगावर बांधून चालायचे. उद्घाटनाला माझ्या गौरीला त्यात उभं केलं आणि पाहुणे येईपर्यंत तसंच ताटकळत ठेवलं. पट्ट्यांनी पोरीच्या मांड्यांवर वळ उठले. मी बोलले तर सेंटरच्या मॅडम म्हणतात, "ताई, फोटोपुरतं तरी थांबा!"

पाहुणे आले. नारळ फोडला, मशीनला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. गौरी दात आवळून चालली, घामानं भिजली. लोक म्हणाले, "काय मशीन आहे!" पोरगी दिसलीच नाही कुणाला? आणि तो हार! मी का नाही काढून तिच्या गळ्यात घातला?

कन्नडला घरी परतताना एसटीत गौरीनं हळूच विचारलं, "आई, चालले तर मीच ना?"