आईचा उजवा कान

१८ जानेवारी
पापडीला आईकडे हळदीकुंकू. आईने सकाळी उजव्या कानामागे पांढरी चिकटपट्टी लावली, तिच्यातून कानातला टॉप टोचून घातला, वरून पदर. उजवी पाळी खालपर्यंत फाटलेली आहे, मी शाळेत होते तेव्हापासून. लग्नात आजीने घातलेले जड झुबे. रोज घालायचे, काढायचे नाहीत, सुनेचे कान मोकळे दिसता कामा नयेत. भोक ओघळत ओघळत एक दिवस पाळीच संपली.

आज वाण द्यायला वाकली आणि टॉप पट्टीसकट तिळगुळाच्या ताटात. ठमाकाकू, बाबांची चुलत वहिनी, सगळ्यांसमोर म्हणते, "अगं, चापाचे घाल नाहीतर सोडूनच दे. या वयात कोण बघतंय तुझे कान!" बायका हसल्या. आईपण हसली. तिचं ते हसणं मला बघवत नाही.

काकूला बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. सगळ्या गेल्यावर आई मलाच म्हणते, "कशाला गो, पाहुणी होती."

पाहुणी!

२१ जाने.
राग उतरत नाही. एव्हरशाईनला माझ्या फ्लॅटवर आले, बाल्कनीतल्या दागिने घडवायच्या टेबलावर बसले नि कागदावर कान काढत सुटले. फाट लपवायची नाही. दाखवायची. चांदीची पट्टी कानाच्या वरच्या कडेवर बसेल, मागून खाली येईल, आणि फाटीच्या दोन्ही कडांना सोन्याची बारीक किनार. भोक नको, चाप नको. धड, न फाटलेल्या कानावर बसणारच नाही. ठमाकाकूला हवा असेल तर आधी कान फाडून ये म्हणावं.

मुंबईच्या गॅलरीत महिनाअखेरीस, म्हणजे फेब्रु.च्या, अंगावर घालायच्या कलावस्तूंचं प्रदर्शन आहे. ते भरवणाऱ्या शर्वरी मॅडम (यापुढे श. मॅ.) मागे लागल्यात, एक तरी वस्तू दे. आजवर मला एवढ्या मोठ्या जागी कुणी बोलावलेलं नाही. देते. हीच देते.

२४ जाने.
आईच्या कानाचा साचा घेतला. पाळीला तेल लावलं, दाताचे डॉक्टर वापरतात ती पावडर कालवून कानावर थापली. हलू नकोस म्हटल्यावर आई सत्यनारायणाला बसल्यासारखी बसली. मध्येच म्हणते, "हल्ली शिवून देतात म्हणे. पलीकडच्या फिलोमाच्या जावेने घेतला शिवून."

मी म्हटलं, काही गरज नाही. तुझ्या कानाला काही झालेलं नाही, झालंय ते बघणाऱ्यांच्या डोळ्यांना. बरंच बोलले. ती गप्प. अर्थात बोलली असती तर साचा बिघडला असता.

बाबा पेपरातून डोकं न काढता, "शिवून कुणाला दाखवायचाय आता?"

म्हणजे बाबांचं आणि माझं म्हणणं एकच? छे. ते म्हणतात कुणी बघत नाही. मी म्हणते बघू देत. फरक आहे.

३ फेब्रु.
दागिना झाला. किनार दोनदा जळली, पण झाला. वाडीत केळींच्या कडेला चांगला उजेड होता, तिथे खुर्ची टाकून आईला घातला. आरसा दिला. बराच वेळ बघत होती.

"छान केलंयस," म्हणाली. मग काढून माझ्या हातात दिला आणि पंप बंद करायला गेली. मला वाटलं होतं रडेल. मीच रडले, ओटीवर बसून.

५ फेब्रु.
श. मॅ. खूश. फॅन्टॅस्टिक, सुपर्ब वगैरे. मग हळूच, "फोटोसाठी मुलगी बघितलीय. काय मान आहे गं तिची!"

मी विचारलं, तिचा कान फाटलाय का?

"मेकअपने करू ना. हल्ली सगळं होतं."

मेकअपने! कोवळ्या पोरीच्या धड कानावर रंगाने फाट काढणार, आणि जिचा खरोखर फाटलाय ती घरी पदर सारखा करत बसणार. पत्रकावर काय छापलंय, तर 'सौंदर्याच्या चौकटी मोडताना'. कसल्या चौकटी मोडताय, डोंबल? फोनवरच ओरडले. एक तर आई, नाहीतर काहीच नाही. तर म्हणतात, "बरं, आण आईंना. सुरकुत्या जरा सॉफ्ट करू." फोन आपटला. नंतर त्यांचाच मेसेज: ओके, नो एडिटिंग. बारा तारखेला फोटो.

आईला सांगितलं. "तुझा फोटो लागणार गॅलरीत!"

"कानाचा?"

"हो!"

"बरं."

१० फेब्रु.
आईची साडी ठरवायला पापडीला गेले. दारातच फिलोमावशी, शेजारच्या. "ये बाय, घाबरू नको हां, काय नाय झालं." आत आई खाटेवर. उजव्या कानाला बँडेज.

शिवून आली. कालच. फिलोमावशीला घेतलं, रिक्षा केली, वसईत डॉक्टरकडे. बाबांनाही पत्ता नाही. भाजीला जाते सांगून गेली आणि येताना खरंच भाजी घेऊन आली.

"परवा फोटो आहे आई! एवढी कसली घाई होती?"

"म्हणूनच घाई."

फिलोमावशी चहा टाकायच्या निमित्ताने आत सटकल्या. मी काय काय बोलले. तुम्ही बायकाच अशा, कुणी हसलं की लगेच सुई-दोरा. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी तो कुणाला दिसू दिला नाही. तुझ्या त्या हॉलमध्ये लोक वाकून वाकून बघणार. मला नको."

"मग आधी सांगायचंस!"

"सांगितलं की. तू साचा घेत होतीस."

चहा न घेता निघाले.

११ फेब्रु.
काकूचा राग येतो, तिने हसून सुरुवात केली. बाबांचा येतो, त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही चल म्हटलं नाही. डॉक्टरचा येतो, उगाच. आणि आईचा. आईचा सगळ्यात. मी तिच्या बाजूने भांडत होते!

श. मॅ.ना कळवलं. त्यांचं उत्तर, मग आपली मेकअपवाली फायनल ना? साफ नाही म्हटलं.

१३ फेब्रु.
सुचलं. साच्यातून काढलेला आईच्या कानाचा प्लास्टरचा ठसा आहे, फाटीसकट. त्यावरच बसवते. श. मॅ.ना फारच पटलं. साहजिक आहे, प्लास्टरला सुरकुत्या नाहीत.

या वेळी आईला आधी विचारलं. फोनवर मागे पंप चालू होता.

"तोपण माझाच कान ना?"

"हो."

"मग नको."

म्हटलं, आई, माझं एवढं मोठं पहिलंच प्रदर्शन आहे. म्हणते, "दुसरं काहीतरी दे. केवढं आहे तुझ्याकडे." केवढं आहे! जशा काही लोणच्याच्या बरणीभर फोडी. एक कमी पडली तर दुसरी वाढ.

दिलं नाही. दुसरंही काही दिलं नाही. श. मॅ. म्हणाल्या, अनप्रोफेशनल. ठसा कपाटात, दागिना ड्रॉवरमध्ये.

२८ फेब्रु.
जाणार नव्हते, गेले. माझ्या जागी कुणाचा तरी आरशाच्या तुकड्यांचा हार. बायका त्यात स्वतःला बघत होत्या आणि फोटो काढत होत्या. वाईट नव्हता हार. त्याचाही राग आला.

२२ मार्च
आईशी फोन होतो. उन्हाळा, पाणी, केळी, बाबांचा गुडघा. कानाबद्दल ती बोलत नाही, मी विचारत नाही. टाके कधीच निघाले म्हणे. फिलोमावशींकडून कळलं.

२४ मे
पापडी. बऱ्याच दिवसांनी जेवायला.

आईचा कान पुन्हा टोचलाय. डॉक्टरांनीच टोचून दिला, शिवणीच्या जरा बाजूला. शिवणीची रेघ बारीक दिसते. आणि दोन्ही कानांत मोत्यांच्या कुड्या. बाजारातल्या सराफाकडच्या. तयार. तशा त्याच्याकडे ताट भरून असतात. डावीतला एक मोती चपटा, करणाऱ्याने काम उरकलेलं सरळ दिसतं.

मुलगी दागिने करते आणि आई सराफाकडून कुड्या आणते! पानावर बसूनच बोलून दाखवलं. "मी केल्या असत्या. अशाच साध्या केल्या असत्या. तोंडाने सांगायचंस तरी."

आई माझ्या पानात भात वाढत होती. "तू केलेलं घातलं की बायका दागिना बघतात गो. कोणी केला, कसा केला, हे काय नि ते काय. मग सगळं बोलणं तुझ्या कामाचंच." मग वाटी पुढे सरकवली. "परवा चर्चच्या नाक्यावर फिलोमाची सून भेटली. म्हणाली, आंटी, काय छान दिसता! कुड्यांचं नावसुद्धा नाही काढलं."

आणि हसली. मान वर करून.

बाबासुद्धा पेपरातून वर बघायला लागले.

निघताना आईने डावी कुडी काढून हातावर ठेवली. "दांडी लांब आहे, झोपताना टोचते. तेवढी कापून दे. उजवी राहू दे, भोक नवीन आहे." रिक्षापर्यंत सोडायला आली, एका कानात कुडी, दुसरा मोकळा, पदर खांद्यावर.

२५ मे
कुडी टेबलावर आहे. दांडी कापून टोक घासायचं, चहा गार व्हायच्या आत होईल. पण भिंगाखाली धरली आणि तो चपटा मोती डोळ्यात खुपायला लागला. माझ्या डबीत त्याच मापाचा आहे, गोल, पाणीदार. बदलला तर कुणाला कळणारही नाही.

आईला कळेल.

सकाळी तिचा फोन. "झाली का गो?"

म्हटलं, उद्या.