युंकर म्हणजे कोण

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून पदर सावरते. तुम्ही माझे फार लाड केलेत. म्हणूनच हे लिहिताना मान वर होत नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि आपल्या घराण्यातली मी पहिली मुलगी, चिखलीला हायस्कुलात जाणारी. सरांनी सांगितलं, युंकर म्हणजे प्रशियातले बडे जमीनदार, शब्दाचा मूळ अर्थ तरुण मालक. जमिनी त्यांच्या, फौजेतले हुद्दे त्यांचे, आणि एके काळी त्यांच्या परवानगीवाचून कुळांना गाव सोडता येत नसे, लग्नसुद्धा करता येत नसे. जेवताना मी हे सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. तुम्ही खूश झालात. "म्हंजे आपल्यावानीच की वो बाई!" म्हणत तुम्ही माझ्या भातावर तूप वाढलंत, आणि मी फुलून गेले.

मग पाडवा आला. सालदाराच्या हाती नारळ-सुपारी देऊन त्याला वर्षभरासाठी बांधायचा दिवस. मालकानं 'जा' म्हटल्याशिवाय त्यानं गाव सोडायचं नाही, असा आपल्याकडचा रिवाज. आपला सालदार ओसरीखाली उभा आहे आणि नारळाला हात लावत नाही. "मालक, यंदा मले मोकळं करा. जवाई गेला. पोरगी तिकडं जळगाव जामोदले एकटी हाये."

"अन् बैलं कोन पाहीन बे?" तुम्ही हसत माझ्याकडे बोट दाखवलंत. "आमी युंकर हाओ, इचार आमच्या बाईले. युंकर सोडत नसते कोनाले."

सगळी ओसरी हसली. तोही हसला, खाली मान घालून, आणि त्यानं नारळ घेतला. तुम्ही माझ्याकडे कौतुकानं पाहत होतात, म्हणून मीही हसले. पोळ्याच्या सुमारास त्याची लेकच कडेवर पोर घेऊन आली. तुम्ही तिलाही शेतात निंदणाला लावलंत, वर त्याला म्हणालात, "पाह्य, झाली ना सोय?" सरांनी शिकवलेला धडा मला त्या दिवशी कळला.

परवा नातीनं विचारलं, "आजी, पणजोबा काय करायचे?" मी म्हटलं, साधे शेतकरी होते. तुमची लाज वाटते, आबा, आणि तुम्हाला कुणी नावं ठेवलेली मला आजही खपत नाहीत. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, नातीला तर नाहीच.