मुंगीसाठी मोठं पुस्तक

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. साष्टांग कागदावरच समज, कारण आत्ता खरंच वाकलो तर टेबलावरचा खळीचा डबा डोक्यावर येईल.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, हुकूमच. तिघांना पुस्तकं पाठव, वाचताना मजा येईल अशी पाठव, आणि वर दम, की पुस्तकाच्या नावाखाली भलतंसलतं काही पाठवू नकोस. शाळेत एकाच वर्गात दोनदा बसलेल्या भावाला कुणी पुस्तकं निवडायला सांगतं का? पण तुझंही बरोबर आहे. दिवसभर बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकांत लोळतो म्हटल्यावर तू दुसऱ्या कुणाला विचारणार!

माझं वाचन म्हणजे शिवता शिवता सुईखाली येईल ते पान. त्यामुळे शेकडो गोष्टींचा मधला भाग मला पाठ आहे. राजा कशाने मेला आणि मुळात तो राजा होता कुठला, हे मालकांना विचारावं लागतं. मालकांनाही माहीत नसतं.

तरी निवडलीत. शेजारणीचं बाळ, म्हणजे आपला गोळा, जो दिवसभर तुझ्याकडेच पडीक असतो, त्याला जाड पुठ्ठ्याचं पुस्तक. कोपरे मी स्वतः गोल कापलेत. एक पान चावूनही पाहिलं. रंग जात नाही, चव बेताची. तुझ्या पोपटाला गमतीचं. सात वर्षांच्या पोराला पहिल्या दोन पानांत कुणीतरी चिखलात पडलेलं लागतं, यात तर अख्खं गाव पडतं. तो ते घरभर ओरडून वाचणार, कानात घालायला कापूस तयार ठेव.

मुंगीचं अवघड गेलं. अकरावं वर्ष म्हणजे धड इकडे नाही, धड तिकडे नाही. शेवटी बोटीच्या सफरीचं एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात माझ्याकडून एक गंमत ठेवली आहे. ती तिची तिला सापडू दे, तू नाक खुपसू नकोस.

लोभ आहेच, तो पुस्तकं पोचल्यावरही राहू दे.

तुझा,
उपद्व्यापी भाऊ

ता. २ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. पुस्तक मिळालं. छान आहे. गोष्ट मला फार आवडली. शेवट सगळ्यात जास्त आवडला. पोपटाने त्याचं पुस्तक परत परत वाचलं. गोळ्याने त्याचं खाल्लं.

तुझी,
मुंगी

ता. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. मुंगीचं पत्र आल्यापासून मी गप्प आहे. इतका, की मालकांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तर ऐक. ती गंमत म्हणजे खोडी होती. पुस्तक सोळा-सोळा पानांचे जुडगे शिवून तयार होतं. मुंगीच्या पुस्तकातला शेवटचा जुडगा मी शिवलाच नाही. बोट वादळात सापडते आणि पुढे सगळे कोरे कागद. पहिल्या कोऱ्या पानावर मी लिहिलं होतं, की बोट बुडाली की वाचली हे हवं असेल तर मामाला पत्र लिही, मग शेवट पाठवतो. मला वाटलं ती चिडेल, मला चार शिव्या लिहून पाठवेल. शेवट पाकिटात घालून तयार ठेवला होता.

आणि ती लिहिते, शेवट सगळ्यात जास्त आवडला.

ताई, तिने ते पुस्तक वाचलेलं नाही. आळस म्हणशील, तर आपली मुंगी आळशी नाही. काय झालंय?

लोभ राहू दे आणि लवकर लिही.

तुझा,
भाऊ

ता. १९ फेब्रुवारी

चि. उपद्व्याप्यास,
अ. आ. कान पिळायला तू समोर नाहीस म्हणून आशीर्वाद.

तुला खोटं काय सांगू. तिला वाचायला जड जातं. ओळीखाली बोट ठेवून ती शेवटच्या शब्दापर्यंत पोचते, तोवर पहिला शब्द निसटलेला असतो. शाळेतल्या बाईंनी मला सांगितलं होतं. मी बाईंशीच भांडून आले. घरी तिला ओरडले. मग एकदा पोपटाचं पुस्तक तिच्या हातात दिलं, तर त्या दीडशहाण्याने येऊन ते काढून घेतलं आणि तिला सांगितलं, हे बारक्यांचं आहे, तुझं ते जाडं. तेव्हापासून ती जाडं पुस्तक उघडून बसते आणि थोड्या थोड्या वेळाने पान उलटते. मी स्वयंपाकघरातून बघून खूश व्हायचे. काय आई आहे बघ.

तू पुस्तकं पाठव, पण बारक्यांची पाठवू नकोस. धाकट्या भावासमोर पोरीची मान खाली जाते.

जिवाला जप. माया आहे, ती तू खोड्या केल्यास तरी कमी होत नाही, म्हणूनच तुझं फावतं.

तुझी,
ताई

ता. ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. बारक्यांचं नको म्हणालीस ना? बरं. सोबतचं पुस्तक बघ. निळी कापडी पाठ, जाड पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरांत ‘गहाळ अंड्याचं प्रकरण’. वकिलाच्या कपाटात ठेवलं तरी कुणाला शंका येणार नाही. आत काय आहे ते तुला म्हणून सांगतो. पहिलीच्या पोरांसाठी असते तशी एका कोंबडीची गोष्ट आहे. तिचं अंडं हरवतं, ती चौकीवर तक्रार करायला जाते. अक्षर मोठं, वाक्यं छोटी, आणि हसू येतं. शिवताना मला इतकं आलं की टाका चुकला. कातडं तेवढं मी बदललंय.

मुंगीला यातलं काही कळू द्यायचं नाही. विचारलंन तर सांग, मामाने मोठ्या मुलींसाठी म्हणून पाठवलंय. तू फक्त गंभीर चेहरा ठेव, तो तुला जमतो.

लोभ आणि तोंड, दोन्ही सांभाळून ठेव.

तुझा,
भाऊ

ता. २७ मार्च

चि. भावास,
अ. आ. वाचलं रे! अख्खं वाचलं! पानं उलटणं वेगळं आणि वाचणं वेगळं, ते आता मला ओळखू येतं. मधेच फिसकन हसली. जेवताना तिने मला विचारलं, की कोंबडीला हवालदाराने बसायला का सांगितलं असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी कांद्यावर ढकललं.

पुढच्या आठवड्यात शाळेत मुलांनी आपल्या आवडत्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवायचं आहे. तिने आपणहून नाव दिलंय. भावा, तू शहाणा आहेस, हे मी लेखी देते.

तुझी,
ताई

ता. ६ एप्रिल

चि. भावास,
अ. आ. हे पत्र लिहायला बसते आणि उठते, असं सकाळपासून चाललंय.

मुंगी वाचायला उभी राहिली. सावकाश, पण न थांबता तिने जवळजवळ सगळं पान वाचलं. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. खालच्या ओळीला ती जरा अडली, तेवढ्यात पुढे बसलेल्या लहान वर्गांतून आपला पोपट उठला आणि पुढचं वाक्य त्याने कोंबडीच्या आवाजात, मान हलवून म्हणून दाखवलं. वर सगळ्यांना सांगितलं, की हे तर आमच्या वर्गातल्या पेटीतलं पुस्तक आहे, मला पाठच आहे. बहिणीला मदत केली म्हणून त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

सगळी शाळा हसली. बाईसुद्धा हसल्या, मग त्यांनी तोंडावर हात घेतला.

घरी आल्यावर ती रडली नाही. तिने मला एवढंच विचारलं, की तुला माहीत होतं का. मी हो म्हणाले. तेव्हापासून ती माझ्याशी हवं-नको एवढंच बोलते. पोपट बिचारा रडून रडून झोपला. त्याचं काय चुकलं?

तुला दोष देत नाही. मीही चेहरा गंभीर ठेवलाच होता ना.

तुझी,
ताई

ता. १२ एप्रिल

चि. मुंगीस,
अ. आ. झाल्या प्रकारात मुख्य आरोपी कोंबडी आहे, मी नुसता साथीदार. शिक्षा म्हणून मला पुठ्ठ्यात घालून शिवून टाक आणि वर लिही, ‘मूर्ख मामा, सर्व वयांसाठी’. आता राग सोड. दुसरं झकास पुस्तक पाठवतो.

लोभ असावा.

तुझा,
मामा

ता. २३ एप्रिल

ती. मामास,
सा. न. हे पत्र आईने तपासलेलं नाही. चुका असतील.

पोपटाने त्याच्या वर्गातलं ते पुस्तक मला आणून दिलं. सॉरी म्हणाला. त्यात चित्रं आहेत. सगळ्या पानांवर. कोंबडी हवालदाराच्या टोपीत बसते आणि अंडं त्या टोपीतच असतं. ते फक्त चित्रात आहे, लिहिलेलं नाही. तू चित्रं काढून टाकलीस. मला ते कळत नव्हतं, की हवालदार टोपी का घालत नाही. मी ते पान खूप वेळा वाचलं. मला वाटलं मलाच वाचता येत नाही.

तू सांगितलं असतंस तर मी दार लावून वाचलं असतं. मला चाललं असतं.

आता पुस्तक पाठवू नकोस.

मुंगी

ता. १५ मे

चि. भावास,
अ. आ. तू सुट्टीत तिला तिकडे बोलावलंस, दुकानात तिची तिने पुस्तकं निवडावीत म्हणून. मी तिला सांगितलं. ती नको म्हणाली. मी जोर केला नाही.

एक कळवते, पण तिला लिहू नकोस. दुपारी ती गोळ्याला मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसते आणि त्याला वाचून दाखवते. वाचनालयातून पुस्तकं स्वतः आणते. तिथल्या बाईंना सांगते, की बाळासाठी हवीत. परवा मी दाराबाहेर उभी होते. एका शब्दावर ती फार वेळ अडली. गोळा तिच्या तोंडाकडे बघत नुसता बसून राहिला. मग तो शब्द तिला सुटला. माझी चाहूल लागली तशी तिने पुस्तक मिटलं.

तुझी,
ताई

ता. २४ मे

चि. मुंगीस,
अ. आ. या पत्रातली अक्षरं मोठी आहेत आणि ओळी सुट्या सुट्या आहेत. तुला वाचायला सोपं जावं म्हणून मी मुद्दाम तसं केलंय. या वेळी सांगून.

ती चित्रं मी शोधली. पानांचा चित्रांचा भाग कापून रद्दीच्या पोत्यात टाकला होता. पोतं कधीच गेलं. मला वाटलं होतं, चित्रं दिसली तर लोक तुला लहान म्हणतील. तुला ती बघायला आवडतील का, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आम्ही लोकांना आवडेल असं पुस्तक निवडलं, आणि ते तुझ्या हातात दिलं.

हवालदार टोपी का घालत नाही, हे त्या पानावरून मलाही कळलं नसतं. मालकांना वाचायला दिलं, त्यांनाही कळलं नाही. तू बरोबर वाचत होतीस.

मागच्या पत्रात मी विनोद केले. मला तेवढंच येतं, म्हणून केले. हसून झालं की राग जातो असं मला वाटायचं.

तू म्हणालीस तसं, पुस्तक पाठवत नाही. उत्तरही लिहायला पाहिजे असं नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. मी ते आजवर सगळ्यांना सरसकट लिहीत आलो, न वाचता. आज ते लिहिलं आणि वाचून बघितलं, तर ते मागणं निघालं. मग खोडलं. वर जी काळी रेघ दिसते, ती तीच.

मामा