चार ऋतूंचा तंबू आणि तुमचे बंधू

हेदवी,
सोमवार, दुपारचं जेवण आटोपल्यावर

तीर्थरूप आक्कांना दीपालीचा वाकून नमस्कार. (माझी कंबर धरली आहे, तेव्हा किती वाकले ते विचारू नये. का धरली ते पुढे येईलच.)

तुमच्या गुडघ्यांना आता कसं आहे? दापोलीच्या वैद्यांचं तेल लागू पडलं का? दाभोळला खाडीचा गारवा असेल, जपून राहा. इथे पहाटेपुरती शाल लागते, पण शेजारच्या येसूबाईंनी एकदा कानाला मफलर बांधला तो आता टळटळीत दुपारीही सुटत नाही. फोनच केला असता, पण तुमच्या बंधूंची बोटीवरची सवय अजून गेलेली नाही. घरात फोन वाजला की तो मोठ्या आवाजावर टाकतात आणि शेजारी हाताची घडी घालून उभे राहतात, जणू बंदरातून हुकूम यायचा आहे. आणि मला जे सांगायचं आहे ते नेमकं त्यांच्याबद्दलच आहे. म्हणून हे पत्र.

आपली राही पुण्याला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (लग्नाचं विचारू नका. मीही विचारायचं सोडलं आहे.) गणपतीत आली तेव्हा आरतीचं ताट खाली ठेवता ठेवता तिने जाहीर केलं, की जानेवारीत त्यांचा क्लब हिमाचलात बर्फावर तंबू ठोकून राहणार आहे, तिच्या तंबूत आणखी एका माणसाची जागा आहे आणि त्या जागेवर बाबांनी यायचं. "तुम्ही सगळं जग बघितलंत बाबा, माझा डोंगर तेवढा राहिला." झालं! तिच्या लहानपणी हे वर्षातून जेमतेम दोन महिने घरी असायचे. त्यामुळे ती काही मागते तेव्हा हे आधी हो म्हणतात आणि काय मागितलं ते मागाहून विचारतात. लगेच हो म्हणाले, पानात वाढलेला मोदक तसाच ठेवून म्हणाले. वर, तंबू कोणता घ्यायचा ते आपण स्वतः बघून ठरवणार, असंही सांगून बसले. जन्मभर बोटीवर सारंग म्हणून खलाशांवर हुकूम चालवलेल्या माणसाला दोर आणि कापड कोणी शिकवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

दिवाळीनंतर राही दोन तंबू घेऊन आली. एक लाल आणि एक पिवळा, क्लबने वापरून बघायला आणलेले. दोन्ही म्हणे चार ऋतूंचे. आता आक्का, आपल्याकडे ऋतू किती? एक पावसाचा आणि एक पाऊस कधी थांबतोय याचा. पण परदेशात चार असतात, आणि त्यातल्या बर्फाच्या ऋतूत जो तंबू टिकतो तो चार ऋतूंचा. साध्या तंबूला वर जाळी असते, वाऱ्यासाठी. याला जाळी नावालाच, सगळं घट्ट कापड, काठ्या जाड आणि एकमेकींवरून तिरक्या गेलेल्या, म्हणजे बर्फाचा भार पडला तरी छप्पर बसायला नको. खाली कापडाची झालर, तिच्यावर बर्फ लोटायचं म्हणजे वारा आत घुसत नाही. पुढे बूट ठेवायला चक्क पडवी. हे सगळं मला कसं ठाऊक, तर जेवताना, झोपताना आणि मी भांडी घासताना घरात दुसरा विषयच नव्हता. मासे आणायला गेले तरी कोळणीला विचारायचे, तुझ्या डोक्यावरचं प्लास्टिक एकपदरी की दुपदरी. ती बिचारी त्यांना सुरमईऐवजी बांगडा देऊन मोकळी व्हायची.

पहिली परीक्षा लाल तंबूची. तो एकपदरी, हलका, पाठीवर न्यायला सोपा, म्हणून यांचा कल त्याच्याकडे. खळ्यात, तुळशीच्या बाजूला ठोकला. नुकतं सारवलेलं खळं, त्याला खुंट्यांची भोकं पडली, पण मी काही बोलले नाही. (दुसऱ्या दिवशी बोलले.) मग हे भर दुपारी स्वेटर, कानटोपी, हातमोजे घालून आत शिरले, तंबूच्या दोन्ही चेनी टोकापर्यंत ओढून घेतल्या आणि आतून ओरडले, "आता मला हाक मारू नका, मी बर्फात आहे." मी पापड वाळत घालायला गेले. परत येते तो तंबूच्या भिंतीवरून आतल्या बाजूने पाणी ओघळतंय आणि आतून काही आवाज नाही. येसूबाई मफलर सावरत धावत आल्या. दोघींनी पाय धरून बाहेर ओढलं तर हे उकडलेल्या कणंगाच्या कंदासारखे, वाफ निघत असलेले. "काय झाला रे महिपता?" म्हणून येसूबाईंनी तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं. शुद्धीवर येताच यांनी राहीला फोन लावला, की तुझा लाल तंबू गळतो, क्लबला कळव. राही शांतपणे म्हणाली, "बाबा, तिकडे पाऊस पडला का? नाही ना? मग ते पाणी तुमचंच आहे." एकपदरी तंबूत माणसाची वाफच भिंतीवर जमते आणि बर्फात ती गोठून पहाटे अंगावर झडते, असं ती म्हणाली. लाल तंबूची घडी झाली.

पिवळा दुपदरी, गोल घुमटासारखा, जड. त्याला पुढे एक दार आणि मागेही एक. यावर हे चार दिवस चिडलेले. दुसरं दार कशाला? उगाच वजन! आणि याची परीक्षा खळ्यात नको, वाऱ्यात हवी, म्हणून गावावरच्या उघड्या माळावर, सड्यावर जायचं ठरलं. जड पिशवी मी वाहिली, कारण यांच्या हातात दुर्बीण होती. (दुर्बिणीचं तिथे काय काम होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.) सड्यावर सगळा कातळ, त्यात खुंटी जाते थोडीच? दोन खुंट्या वाकल्यावर मी म्हटलं, दगडांना बांधा. तर म्हणाले, हेच करणार होतो. बांधले. गाठी सुरेख मारल्या, त्यात काही प्रश्न नाही. पण दगड बांधले ते सड्याच्या कडेला, जिथून वाळक्या गवताचा उतार सुरू होतो, कारण तिथे वारा जास्त. मग हे तंबूत जाऊन राहीने दिलेल्या झोपायच्या रजईच्या पिशवीत शिरले, पाय, पोट, खांदे, सगळं आत, फक्त तोंड बाहेर, आणि भिंत किती भार सोसते ते बघायला समुद्राकडून झोत आला की उलट बाजूला अंग टाकायला लागले.

आक्का, गाठ एकही सुटली नाही. दगड घसरले. तंबू आधी कलंडला, मग विचार केल्यासारखा क्षणभर थांबला आणि मग गवतावरून गडगडत निघाला. पिवळा भोपळा आणि आत तुमचे बंधू. मी साडी खोचून मागे धावले. (कंबर तेव्हाची.) खाली करवंदीच्या जाळीत जाऊन तो अडकला. तेवढ्यात आतून हाक आली, "दीपाली! दीपालीऽ!" लग्नाला इतकी वर्षं झाली, आजवर माझं नाव "अगो" किंवा "ऐकलंस का" हेच होतं. माझं नाव यांना माहीत आहे हे मला त्या दिवशी नक्की कळलं. पुढचं दार त्यांच्या अंगाखाली आलेलं. मागचं दार आभाळाकडे. मी तेच उघडलं आणि पिशवीची चेन सोडवायला आत उतरले.

"लागलं का?"

"नाही."

"मग उठा."

"थांब जरा. बस."

मी बसले. बाहेर वारा कापडावर थापा मारत होता, आत मात्र हळदीसारखा उजेड आणि एकदम निवांत. हे छताकडे बघत हळूच म्हणाले, "मला नाही जायचं गो." उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात दोरखंडांवरचं बर्फ फोडताना यांच्या बोटांतला जीव गेला होता, परत यायला कितीतरी दिवस लागले. घरी कधी बोलले नाहीत. बर्फ नुसतं चित्रात बघितलं तरी हात आपोआप खिशात जातात, म्हणाले. "पण राहीला नाही कसं म्हणू? तिच्या शाळेच्या प्रत्येक समारंभाला मी नाहीच म्हटलंय." मी पिशवीची चेन सोडवली. त्यांचे हात माझ्या हातात घेतले. आणि खरं सांगू, मला तिथून उठावंसं वाटेना. लग्नानंतर पहिल्यांदाच मी अशा खोलीत बसले होते, जिला झाडायला कोपराच नव्हता.

तेवढ्यात गवत कापायला आलेल्या येसूबाईंनी वरच्या दारातून डोकं घातलं आणि किंचाळल्या, "अगो बाय माजे! दोगां आत काय करताव?" त्यानंतर गावात काय पसरलं ते मी पत्रात लिहू शकत नाही.

असो. पिवळ्या तंबूवर ओरखडादेखील नाही, तेव्हा तोच ठरला. दोन दारं असलीच पाहिजेत असं हे आता सगळ्यांना ठणकावून सांगतात. त्याच संध्याकाळी मीच राहीला कळवलं, की यांचा गुडघा दुखावला, डॉक्टर नको म्हणतात आणि आंब्याला मोहोर आलाय, फवारणीला घरचं माणूस हवं. बाकी सर्व क्षेम. भाओजींना नमस्कार, तुम्ही तब्येतीला जपा.

तुमची,
दीपाली

ता. क. : जानेवारीत आठ-दहा दिवस माहेरपणाला या ना. फेरीबोटीने धोपाव्यापर्यंत आलात की पुढे रघूची रिक्षा पाठवते. हवापालट होईल.

ता. क. दुसरा : येताना सिमल्याच्या सहलीत घेतलेला तुमचा लोकरीचा कोट आणा. राहीच्या तंबूतली जागा रिकामी राहायला नको, म्हणून मी तिला माझं नाव द्यायला सांगितलं आहे. यांना अजून काही बोललेले नाही. तुम्ही समोर असलात की हे आवाज चढवत नाहीत, तेव्हाच सांगेन. तोवर कृपा करून गुपित ठेवा.

आक्का, मी महिपत. पत्र टपालात टाकायला हिने माझ्याकडेच दिलं. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलेलं, ते वाटेत आपसूक उघडलं. तंबूतून मी घाबरून हाका मारल्या वगैरे नव्हत्या, दिशा कळावी म्हणून आवाज दिला होता. राहीने मला हिच्या जाण्याचं आठवड्यापूर्वीच सांगितलंय, तू मात्र आलीस की दचकल्यासारखं कर, मीही करीन. नक्की ये, मला भातात पाणी किती घालायचं ते येत नाही. कोट आणू नकोस. हिच्यासाठी राहीकरवी नवीन शिवायला टाकलाय, आणि ही दोन दिवस घरभर जे निळं पोलकं शोधते आहे, ते मापासाठी पुण्याला गेलंय.