सोडेल की सोडू शकेल

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी फिरायला जाऊ देत नाही असं कळलं. तिचं ऐका (ऐकणार नाही, पण लिहायची पद्धत आहे).

मला ही नोकरी लागली तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, पोलीस नाही, तुरुंग नाही, मग तुमचा आंतरराष्ट्रीय कायदा पाळतं कोण? त्याचं उत्तर मिळालंय, तेही माझ्याच गाढवपणामुळे.

नदी वरच्या देशातून आपल्याकडे येते. उन्हाळ्यात तिचं पाणी किती सोडायचं, यावर दोन्हीकडची माणसं एका लांबलचक टेबलाशी नऊ दिवस बसली. करार झाला, दोन भाषांत, दोन्ही प्रती सारख्याच अधिकृत. आपल्या भाषेतला अनुवाद माझा. सह्या झाल्या, मंडळी चहाकडे वळली आणि मी सहज चौथं कलम वाचलं. वरचा देश पाणी "सोडेल" याऐवजी मी लिहिलं होतं "सोडू शकेल". म्हणजे मनात आलं तर. चहाची बशी तिथेच ठेवली.

साहेबांकडे धावलो, ते फोटो काढून घेण्यात दंग. वाटेत गाठ पडली ती समोरच्या देशाच्या वकीलबाईंशी (नऊ दिवसांत एकदाही न हसलेल्या). माझा चेहरा बघून त्यांनी कागद मागितला आणि मी, काय सांगू मामा, देऊन टाकला. त्यांनी वाचला (आपली भाषा त्यांना येते), म्हणाल्या, "साहेबांना बोलवा." अशा चुकांची रीत ठरलेली असते: शब्द खोडायचा, बरोबर लिहायचा, शेजारी दोघांनी आद्याक्षरं करायची. दहा मिनिटांत आटोपलं.

न राहवून मी विचारलं, गप्प बसला असतात तर? त्या म्हणाल्या, "आमची दुसरी नदी तिसऱ्याच देशातून येते. तिथे खाली आम्ही आहोत. आज इथे शब्दाचा फायदा घेतला, तर उद्या तिथे आमच्या शब्दाला कोण विचारेल?" मग हसल्या (असाव्यात).

तर मामा, पोलीस नाही हे खरं. पण शेजारी बदलता येत नाही आणि पुन्हा त्याच टेबलाशी बसायचं असतं. तेवढ्यावर पुष्कळ चालतं. साहेबांनी फक्त चष्म्याचा नंबर तपासायला सांगितला. मी मजेत आहे.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या परदेशी भाडेकरूच्या करारनाम्याचा अनुवाद मी त्याच आठवड्यात केला होता. काल प्रत चाळली. मुदत संपल्यावर तो घर "सोडू शकेल" असं झालंय. सह्या तर झाल्यात.

आणखी एक. त्याच्या जिन्यातल्या सायकलीबद्दल, दुरुस्तीवर त्याचं आद्याक्षर मिळेपर्यंत, निदान महिनाभर काही बोलू नका.