मिनिटाला सहा श्वास

३ तारीख
पोचले एकदाची! आश्रमाच्या फाटकात टिल्लू उभाच होता. नाव टिल्लू आणि उंची सहा फूट. चार वर्षांनी भेटला, आणि पहिलं वाक्य काय, तर ताई, जाड झालीस. म्हटलं, आधी पाणी तरी विचार मेल्या.

जागा छान आहे. पांढऱ्या खोल्यांच्या दोन ओळी, मधे भाजीचे वाफे, टोकाला ध्यानमंडप. दम्यापायी लहानपणी बसून रात्री काढणारा माझा भाऊ इथे भरल्या बादल्या घेऊन चढ चढतो. आनंदानं डोळे भरून आले.

आईचं हृदयाचं ऑपरेशन पंधराला आहे. टिल्लू समोर दिसल्याशिवाय टेबलावर चढणार नाही, असा तिचा हट्ट. त्याला सांगितलं, तर लगेच तयार. सेवेची पाळी दहाला संपते, मग निघू म्हणाला. मलाही बावीस वर्षांच्या नर्सगिरीनंतर आठवडाभर आराम.

४ तारीख
सकाळी स्वयंपाकघरातल्या मावशींबरोबर भाजी निवडली. त्यांनी आश्रमाचा सगळा इतिहास ऐकवला. पन्नास वर्षांपूर्वी स्वामीजींनी अकरा दमेकऱ्यांना घेऊन सुरुवात केली. एकतीस वर्षांपूर्वी ते मंडपामागच्या खोलीत समाधीला बसले, ते बसलेच. तेव्हापासून बाहेर पाळीपाळीनं श्वाससेवा चालते. जमिनीवर काठी आपटली की सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा. आपण घेतो म्हणून ते घेतात, असं मावशी अगदी सहज म्हणाल्या. मी हसू दाबलं.

टिल्लूच्या शेजारी तासभर बसून आले. काय हलकं वाटलं!

६ तारीख
कालही बसले, आजही बसले. दुपारी जेवताना सवयीनं टिल्लूचे श्वास मोजले. मिनिटाला सहा. धडधाकट माणसाचे पंधरा-सोळा असतात. परत मोजले. सहाच.

मग ओसरीवर उभी राहिले. वाफ्यात माळीबुवा, दोरीपाशी कपडे वाळत घालणारी बाई, दारात मावशी. तिघांची छाती एकदम वर. एकदम खाली. तिथपर्यंत काठीचा आवाज पोचत नाही.

७ तारीख
दहा तारखेची वाट बघायची नाही, आत्ताच निघ, असं त्याला म्हटलं. बिचाऱ्यानं एका शब्दानं विचारलं नाही. पिशवी उचलली. फाटकाबाहेर रस्ता वळतो तिथपर्यंत माझी थट्टा करत आला, आणि वाक्याच्या मधेच थांबला. ओठ निळे. तोंडानं श्वास दिला. छाती भरली, पण पुढचा श्वास त्यानं घेतला नाही. तेवढ्यात माळीबुवा आणि मावशी खाट घेऊन धावत आले. खाट तयारच होती. फाटकाच्या आत येताच त्यानं आपणहून श्वास घेतला.

आधी का नाही सांगितलंत, म्हणून मी मावशींवर ओरडले. त्या रडायला लागल्या. त्यांच्या यजमानांना त्याच वळणावरून उचलून आणलं होतं, पण उशीर झाला होता. सांगितलं असतं तर खरं मानलं असतंस का बाई, असं त्यांनी विचारलं.

८ तारीख
पाळीवरचे सोडून सगळे जेवायला बसले असताना मंडपामागची ती खोली उघडली. कुलूप नव्हतं. स्वामीजी आसनावर आहेत. कातडं वाळून हाडांना चिकटलंय. नाडी नाही. मी मेलेली माणसं खूप पाहिली आहेत. हा माणूस कित्येक वर्षांपूर्वी गेलाय.

पण काठी आपटली की त्याची छाती वर येते.

मोजलं. पाच. परवा टिल्लूचे सहा होते.

९ तारीख
स्वतःचे मोजले. पाच.

मधे एक जास्तीचा घेऊन बघते — येत नाही. छाती ऐकतच नाही. मी बसले किती, तर तीन दिवस, एकेक तास! वळणापर्यंत पळाले. पडले. रांगत परत आले. गुडघे फुटलेत.

टिल्लू माझा हात धरून बसलाय. ताई, माझ्यामुळे झालं, एवढंच म्हणतो. त्याला रागवायलाही दम पुरत नाही.

११ तारीख
चार.

ऑफिसातून आईला फोन केला. आमची वाट बघू नकोस, ऑपरेशन करून घे, काही झालं तरी इकडे येऊ नकोस, हे सांगायचं होतं. आता एका श्वासात एखादाच शब्द निघतो. आधी महत्त्वाचं सांगावं म्हणून ‘येऊ नकोस’ म्हणायला गेले. ‘ये’ म्हटलं आणि श्वास संपला. पुढच्या श्वासाची वाट बघत राहिले —

तेवढ्यात ती म्हणाली, निघालेच. फोन ठेवला.

परत लावला. कितीदा लावला. उचलत नाही —

१२ तारीख
तीन. तिचं हृदय हे सोसणार नाही. फाटकापाशी बसायला निघाले होते. चार पावलांत — टिल्लूनं उचलून मंडपात आणून ठेवलं. इथे जरा बरं —

आईला फाटकातच अडवा, असं मावशींना खुणांनी सांगितलं. त्या मान खाली घालतात —

१३ तारीख
आई आली.

टिल्लूला बघून हसते आहे. त्याचा दमा गेला, म्हणून काठी धरणाऱ्याच्या पाया पडते आहे. आमच्या मधे बसली — तोंड उघडते मी, आवाज नाही — वही तिच्या मांडीवर —

आई इथे बसू नकोस

काठीकडे लक्ष देऊ नकोस ऊठ आमच्याकडे बघू नकोस एकटी जा

वही फिरवू नकोस आई, सरळच आहे — चष्मा — पिशवीतून चष्मा काढ — मिटू नकोस डोळे, आई, वाच ना, आ